सहाराची धूळ, बार्बाडोसचा फिल्टर आणि तुमच्या फोनवरचा एक्यूआय

फोनवर हवामान बघायला गेलं की आता तापमानाच्या शेजारी एक्यूआयचा आकडाही दिसतो. समजा तो २५० आहे. ॲप लाल-केशरी रंग दाखवतं, खाली ‘खराब हवा’ असं लिहिलेलं असतं आणि आपण स्क्रीन बंद करतो. पण हवेत नेमकं काय आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. कचरा जाळल्याचा धूर असेल, डिझेलचा धूर असेल किंवा हजार किलोमीटरवरच्या वाळवंटातून उडून आलेली धूळही असेल.

याने फरक पडतो का? माझ्या आईला दमा आहे, त्यामुळे हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. म्हणून या लेखात औषधोपचार सांगणार नाही. पण डेटा कुठून येतो, कसा मोजला जातो आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा हे तपासणं माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. शोधता शोधता मी जोसेफ प्रॉस्पेरो या शास्त्रज्ञाच्या कामापर्यंत पोचलो. अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठातले हे संशोधक. वाळवंटातल्या धुळीची जगातली सगळ्यात लांबलचक सलग नोंद त्यांच्यामुळे उपलब्ध आहे. ती सुरू झाली १९६५ साली, आफ्रिकेत नाही तर समुद्रापलीकडच्या बार्बाडोस बेटावर.

आधी बेसिक: वाळू वेगळी, धूळ वेगळी

वाळवंट म्हटलं की वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात. पण वाळूचे कण जड असतात, ते लांब जात नाहीत. जोराचा वारा सुटला की ते जमिनीवर उड्या मारत पुढे सरकतात आणि आपटताना खालच्या मातीतले बारीक कण सुटे करतात. हे बारीक कण, म्हणजे धूळ, मग वर चढते.

आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान सगळे कण मिळून पीएम १० आणि २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण म्हणजे पीएम २.५. लक्षात घ्या, पीएम १० च्या आकड्यात पीएम २.५ आधीच धरलेलं असतं.

सहाराची धूळ गरम, कोरड्या हवेच्या एका थरातून अटलांटिक महासागरावर सरकते. पृष्ठभागापासून काही किलोमीटर उंचीवर असलेल्या या थराचं वर्णन टोबी कार्लसन आणि प्रॉस्पेरो यांनी १९७२ मध्ये केलं. समुद्र ओलांडायला धुळीला साधारण आठवडा लागतो.

बार्बाडोसच का?

बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांतलं सगळ्यात पूर्वेकडचं बेट. त्याच्या पूर्वेला थेट आफ्रिकेपर्यंत फक्त पाणी आहे आणि वर्षातला बराच काळ वारा पूर्वेकडूनच येतो. मध्ये ना शहर, ना कारखाने. आफ्रिकेची हवा तपासायला यापेक्षा स्वच्छ जागा मिळणं कठीण.

गंमत म्हणजे सुरुवातीला तिथे काही संशोधक वेगळ्याच कामासाठी गेले होते. त्यांना अंतराळातून पडणारी सूक्ष्म धूळ पकडायची होती, म्हणून त्यांनी नायलॉनच्या जाळ्या टांगल्या. जाळ्यांत सापडली ती लालसर तपकिरी माती. ही माती बेटाची नव्हती, आफ्रिकेची होती. पुढे प्रॉस्पेरोंनी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, रॅग्ड पॉइंट नावाच्या टोकावर मनोरा उभारून मोजमाप कायमचं चालू ठेवलं.

फिल्टर नेमकं काय करतो?

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा आहे. मनोऱ्यावर पंप असतो आणि तो कागदासारख्या फिल्टरमधून हवा ओढतो. पण पंप सतत चालत नाही. वारा समुद्राकडून येत असेल आणि पुरेसा वेगात असेल तरच तो सुरू होतो. वारा बेटावरून येत असेल तर पंप बंद. आपण कोडमध्ये ‘इफ’ची अट घालतो ना, तशीच ही अट आहे. स्थानिक गाड्यांचा धूर आणि शेतातली माती डेटात शिरूच नये यासाठी.

मग फिल्टर प्रयोगशाळेत जातो:

- तो पाण्याने धुतात. समुद्राचं मीठ विरघळून निघून जातं.
- उरलेला फिल्टर रात्रभर साधारण ५०० अंश सेल्सियसला भट्टीत जाळतात. कागद आणि सेंद्रिय पदार्थ जळून जातात.
- शेवटी जी राख उरते ती मुख्यतः खनिज धूळ. तिचं वजन करायचं, आणि जळताना जे वजन घटलं असेल त्यासाठी ठरलेला गुणक लावायचा.

धुळीच्या दिवशीची राख लालसर तपकिरी असते. ना लेझर, ना एआय. पण पद्धत बदललेली नसल्यामुळे १९७० च्या दशकातला आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता येतो.

इतक्या वर्षांच्या नोंदींतून काय दिसलं?

पहिली गोष्ट, बार्बाडोसला सगळ्यात जास्त धूळ उन्हाळ्यात येते. हिवाळ्यात आणि वसंतात तिचा मार्ग दक्षिणेकडे सरकतो आणि ती दक्षिण अमेरिकेकडे जाते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. तिथे १९७० आणि १९८० च्या दशकांत भीषण दुष्काळ पडले. त्याच काळात हजारो किलोमीटर दूर, बार्बाडोसच्या फिल्टरवरची धूळ वाढली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तर ती फारच वर गेली. दुष्काळ एका खंडात, त्याची खूण दुसऱ्या टोकाच्या बेटावर. नोंद मध्येच थांबली असती तर हे कधी दिसलंच नसतं.

तिसरी गोष्ट उपग्रहामुळे कळली. निम्बस-७ या उपग्रहावर ओझोन मोजायचं एक उपकरण होतं. त्याच्या डेटात धूळही दिसते असं लक्षात आलं. प्रॉस्पेरो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यावरून जगभरातल्या धुळीच्या उगमांचा नकाशा मांडला. धूळ वाळवंटातून सगळीकडून सारखी उठत नाही. ती मुख्यतः सखल खोलगट भागांतून उठते, जिथे पूर्वी तळी होती किंवा पाणी साचून गाळ बसला होता. चाड देशातला बोडेले हा भाग त्याचं ठळक उदाहरण. तो एका प्राचीन महाकाय तळ्याचा आटलेला तळ आहे.

धूळ फक्त वाईटच असते असंही नाही. तिच्यातलं लोह समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना मिळतं आणि फॉस्फरस ॲमेझॉनच्या जंगलाला. प्रश्न येतो तो आपण ती श्वासातून आत घेतो तेव्हा.

शरीरात गेल्यावर काय होतं?

मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, शिंकेतून किंवा कफातून बाहेर पडतात. १० मायक्रॉनच्या आतले कण श्वासनलिकांपर्यंत जातात. २.५ मायक्रॉनच्या आतले कण फुफ्फुसांच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचू शकतात.

‘वाळवंटाची धूळ म्हणजे नुसती जाड माती’ असा समज असतो. जवळच्या वादळात ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण लांबच्या प्रवासात जड कण वाटेत गळून पडतात आणि बारीक कणांचा वाटा वाढतो. प्रॉस्पेरोंनी मायामीतल्या १९७४ ते १९९६ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिथे पोचणाऱ्या आफ्रिकी धुळीचा साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग पीएम २.५ मध्ये मोडतो असं दिसलं. म्हणजे हवेचा दर्जा बिघडवण्यात दुसऱ्या खंडाच्या मातीचाही वाटा असतो, आणि ती थांबवणारा कायदा कुठलंच शहर करू शकत नाही.

दमा: शेजारची बेटं, वेगळी उत्तरं

बार्बाडोसमध्ये धूळ वाढली त्याच काळात लहान मुलांमधला दमाही खूप वाढला. दोन आलेख एकाच वेळी वर जाताना दिसले की आपण लगेच म्हणतो, ‘सापडलं कारण!’ त्या काळात बेटावर इतरही बऱ्याच गोष्टी बदलल्या असणार, पण आलेख ते सांगत नाही.

प्रॉस्पेरो आणि बार्बाडोसमधल्या सहकाऱ्यांनी हे तपासून बघितलं. १९९६ आणि १९९७ मध्ये दम्यासाठी रुग्णालयात आलेल्या मुलांची संख्या त्यांनी रोजच्या धुळीच्या मोजमापाशी जोडली. २००८ साली आलेल्या या प्राथमिक अभ्यासात धुळीचे चढउतार आणि दम्याच्या रुग्णांची वाढ यांच्यात स्पष्ट संबंध दिसला नाही. ज्या माणसाने आयुष्य धुळीवर घालवलं, त्याच्याच नावावर ‘इथे संबंध दिसत नाही’ असा निष्कर्ष आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. जवळच्याच त्रिनिदादमधल्या २००५ च्या अभ्यासात उलट चित्र दिसलं. धुळीमुळे दृश्यमानता १६ किलोमीटरवरून ७ किलोमीटरवर आली की दम्यासाठी आणीबाणी विभागात येणाऱ्या मुलांची रोजची सरासरी ७.८ वरून ९.२५ वर जाते, असा त्यांचा हिशेब होता. ग्वादलूप बेटावरच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही धुळीच्या दिवसांत दम्याची मुलं वाढलेली दिसली.

मग खरं कोण? पद्धती बघितल्या तर फरक लक्षात येतो. बार्बाडोसमध्ये धुळीचं वजन मोजलं होतं, त्रिनिदादमध्ये ‘किती लांबचं दिसतंय’ यावरून अंदाज घेतला होता. शिवाय दम्याचा झटका एका कारणाने येत नाही. सर्दीचे विषाणू, हवेतला ओलावा, परागकण, घरातली धूळ, गाड्यांचा धूर हे सगळं त्यात असतं. म्हणून ‘धुळीमुळे दमा होतो’ हे वाक्य या अभ्यासांतून निघत नाही. ‘ज्याला दमा आहे त्याला धुळीच्या दिवशी त्रास वाढू शकतो’ हे निघतं, आणि सावध राहायला तेवढं पुरेसं आहे.

युरोपातलं एक उदाहरणही बघा. बार्सिलोनामध्ये २००३-०४ मधल्या रोजच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. २.५ ते १० मायक्रॉनमधले जाड कण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की सहाराची धूळ असलेल्या दिवशी रोजचे मृत्यू ८.४ टक्क्यांनी वाढत होते. इतर दिवशी तेवढ्याच वाढीला १.४ टक्के. वजन तेच, परिणाम वेगळा. म्हणजे कण किती आहेत याच्याइतकंच ते कुठून आलेत आणि वाटेत त्यांना काय चिकटलंय हेही महत्त्वाचं असू शकतं.

धुळीसोबत येणारे जीव, आणि पुण्याचा संबंध

२००५ मध्ये प्रॉस्पेरो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला. बार्बाडोसच्या हवेत जिवंत बुरशी आणि जिवाणू लक्षणीय प्रमाणात सापडले ते आफ्रिकेची धूळ आलेली असतानाच. इतके दिवस ऊन झेलूनही ते जिवंत होते. घाबरायचं कारण नाही, मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव माणसाला आजारी पाडत नाहीत.

आफ्रिकेत मात्र धूळ आणि साथ यांचं नातं जास्त गंभीर आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या, म्हणजे मेनिन्जायटिसच्या साथी कोरड्या, धुळीच्या ऋतूत यायच्या आणि पाऊस सुरू झाला की ओसरायच्या. हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या घशात आधीच असतो. कोरडी हवा आणि धूळ यांनी नाका-घशाचं आतलं अस्तर दुखावतं आणि जिवाणूला वाट मिळते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

वारा थांबवता येत नाही. पण आजार थांबवता आला. ‘ए’ गटाच्या जिवाणूविरुद्धची मेनॲफ्रिव्हॅक ही लस जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पातून तयार झाली, आणि ती बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. तेव्हा किंमत डोसमागे अर्ध्या डॉलरपेक्षा कमी होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोठी मोहीम सुरू झाली आणि जिथे जिथे लस पोचली तिथे ‘ए’ गटाच्या साथी जवळपास संपल्या. धूळ आजही तशीच उडते.

आपल्याकडे अशी धूळ येते का?

सहाराची नाही, पण पश्चिमेकडच्या वाळवंटांची येते. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईत अंधूक दिवस उजाडला होता आणि गाड्यांवर पांढुरकी पूड बसली होती. पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं.

अशा दिवशी फोनवरचा आकडा कसा वाचायचा ते बघू.

एकच एक्यूआय, दोन वेगळ्या हवा

भारतात प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा तोच एक्यूआय म्हणून दाखवतात. आता दोन काल्पनिक दिवस घ्या (आकडे घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये):

- दिवस अ: पीएम १० = ३००, पीएम २.५ = ७०. एक्यूआय साधारण २५०, पीएम १० मुळे.
- दिवस ब: पीएम १० = १८०, पीएम २.५ = १०५. एक्यूआय पुन्हा साधारण २५०, पण पीएम २.५ मुळे.

स्क्रीनवर दोन्ही दिवस सारखेच. पण ‘अ’ दिवशी पीएम १० मधला जेमतेम पाव भाग बारीक आहे, म्हणजे धुळीची शक्यता जास्त. ‘ब’ दिवशी निम्म्याहून जास्त बारीक, म्हणजे धूर जास्त. म्हणून:

१. एक्यूआयवर टॅप करून आत जा. पीएम १० आणि पीएम २.५ वेगवेगळे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपमध्ये प्रमुख प्रदूषक कोणता तेही दिसतं.

२. पीएम १० एकदम चढलं आणि पीएम २.५ तेवढं नाही, तर धूळ. पण बांधकाम आणि खराब रस्त्यांची धूळही अशीच दिसते. शहरातल्या एकाच केंद्रावर वाढ असेल तर कारण जवळचं. सगळ्या केंद्रांवर एकदम वाढ असेल तर लांबचं.

३. खात्रीसाठी विंडी ॲपमधला धुळीचा नकाशा किंवा नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावरचं उपग्रहचित्र बघा. एक मर्यादा लक्षात ठेवा: उपग्रह वरून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र बघतो. धूळ उंचावरून निघून जात असेल तर आकाश मळकट दिसेल, पण श्वासात तेवढी येणार नाही.

४. आपल्या एक्यूआयमध्ये पीएमची २४ तासांची सरासरी असते. दोन-तीन तासांचं वादळ त्यात विरून जातं. ताशी आकडे मिळत असतील तर तेच बघा.

५. घरगुती स्वस्त सेन्सरवर धुळीच्या दिवशी विसंबू नका. त्यात छोटा पंखा हवा ओढतो आणि लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो यावरून अंदाज काढला जातो. बारीक धुराला तो बरा चालतो. जाड कण मात्र त्याला नीट मोजता येत नाहीत आणि त्याचा पीएम १० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो. बाहेर अंधूक झालेलं असताना डब्यावर ‘ठीक’ दिसू शकतं.

आणि दोन ॲपवर दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. काही ॲप अमेरिकन मोजपट्टी वापरतात, काही भारतीय. तुलना करायची तर मायक्रोग्रॅमची करा.

धुळीच्या दिवशी काय करायचं?

- धावणं, क्रिकेट, जिम बाहेर असेल तर तो दिवस सोडा. व्यायामात आपण कितीतरी पट जास्त हवा आत घेतो.
- बाहेर जावंच लागलं तर नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क. रुमालाने जाड धूळ अडेल, बारीक नाही.
- खिडक्या बंद ठेवा. घर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडल्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत येते.
- घरात दमा किंवा हृदयविकार असलेलं कुणी असेल तर डॉक्टरांनी दिलेला इनहेलर, औषधं हाताशी आहेत ना ते बघा. दम लागणं वाढलं तर ॲप उघडत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मर्यादा २४ तासांसाठी पीएम १० ला ४५ आणि पीएम २.५ ला १५ आहे. भारताची १०० आणि ६०. आकडा ‘समाधानकारक’ रंगात असला तरी दम्याच्या माणसाला तो कदाचित मानवणार नाही. म्हणून एक साधं काम करून बघा. घरात कुणाला त्रास असेल तर नोट्स ॲपमध्ये रोज एक ओळ लिहा: पीएम १०, पीएम २.५, आज त्रास किती. प्रॉस्पेरोंच्या मनोऱ्यावर वेगळं काही चाललेलं नव्हतं, तीच गोष्ट त्याच पद्धतीने रोज मोजणं, एवढंच. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ‘हल्ली त्रास वाढलाय’ एवढं सांगण्याऐवजी दोन महिन्यांची नोंद त्यांच्यासमोर ठेवता येईल.